कुरडूला बांधलेला लाल दोरा

सूर्यभान नरवाडे हा माणूस तसा कशाला हरकत घेणारा नव्हता. मालगाडीचा ड्रायव्हर, हैद्राबादेत तारनाक्याजवळ रेल्वेचं क्वार्टर, दर रविवारी विहारात हजेरी, आणि घरी पाव्हणा आला तर बायकोला न उठवता स्वतः चहा टाकणारा. पण त्याच्या घरात रानभाजी शिजत नव्हती. शिजायचं लांबच, तिचं नाव काढायची सोय नव्हती. पावसाळ्यात एखादी बाई डोक्यावर टोपली घेऊन ‘गंगवायल कूर, अम्मा’ म्हणत दाराशी आली आणि टोपलीत घोळीची ती जाडसर पानं दिसली, की हा सहा फुटी गडी हातातला पेपर टाकून उठायचा आणि तिला शेजारच्या दाराची वाट दाखवायचा.

त्याच्या घरात शिजायची पत्ताकोबी. नाहीतर फूलकोबी. पाव्हणे असले तर बटाटा. सगळं कसं पांढरंफटक. बायको रेणुका एकदा म्हणाली होती, अहो, आपल्या ताटाला निदान कावीळ तरी होऊ द्या, तेवढाच रंग येईल. सूर्यभान हसला नाही. उलट पगार झाला की तो तारनाक्याच्या मेडिकलातून व्हिटॅमिनच्या गोळ्यांची चकचकीत पट्टी आणायचा, एक बायकोला, एक लेकीला. तेव्हा देशात नवं वारं शिरलेलं होतं. दिल्लीनं दारं उघडली म्हणत होते, घरोघर केबलच्या तारा चढल्या होत्या, आणि टीव्हीवरची गोरीपान बाई सांगायची की रोज एक गोळी घ्या, बाकी चिंता आमची. सूर्यभानला ते पटायचं. गोळी विकत घ्यावी लागते, म्हणजे ती इज्जतीची गोष्ट.

आता रानभाजीवर एवढा दात का, हे आमच्या मराठवाड्याच्या माणसाला समजावून सांगायला नको. बहात्तरचा दुष्काळ. सूर्यभान तेव्हा उदगीरकडच्या एका खेड्यात होता, तेवीस वर्षांचा बाप, पदरी दोन वर्षांची पोर. नवराबायको दिवसभर दुष्काळी कामावर खडी फोडायची आणि घरी यायचा तो लाल मिलो, रेशनवरची अमेरिकेची ज्वारी, जनावरंसुद्धा नाक मुरडतील असला. त्याची आई पार्वतीबाई बांधाबांधानं फिरून ओटीत कुरडू खुडून आणायची, ज्याच्या त्याच्या शिव्या खायची, आणि तो पाला उकडून मिलोच्या भाकरीत कुस्करून नातीला भरवायची. पोरीला दूध नाही, डाळ नाही. बाप धडधाकट आणि लेकरू पाला खातंय, हे त्या माणसाच्या काळजात रुतलं ते रुतलंच. दुष्काळ सरला, तो हैद्राबादला आला, लोको शेडमध्ये खलाशी लागला, चढत चढत ड्रायव्हर झाला. आई वारली. पण त्या दिवसांबद्दल त्याच्या तोंडून कधी कुणी शब्द ऐकला नाही.

आणि ती पोर? ती प्रियदर्शिनी, मोठी झाली, शिकली, आणि विद्यापीठात पीएच.डी.ला लागली. सूर्यभान मॅट्रिकला अडकलेला माणूस. त्याला त्या तीन अक्षरांचं काय वाटत असेल! दोन स्टेशनांच्या मधे, सिग्नल हिरवा असला आणि डिझेल इंजिन धडधडत असलं की तो मोठ्यानं म्हणायचा, ‘डॉक्टर प्रियदर्शिनी सूर्यभान नरवाडे’. त्याचा असिस्टंट प्रमोद बिचारा पुढे बघत बसायचा, ऐकू आलं नाही असं दाखवत. आणि कॉलनीत कुणीही विचारलं, पोरगी काय करते, की उत्तर तयार असायचं: औषधांचा शोध लावतेय. विशेष करून एकनाथरावांना. हे एकनाथराव औशाकडचे, मोठ्या शेतकरी घरातले, बँकेतून निवृत्त होऊन जवळच राहायला आलेले. संध्याकाळी दोघं मिळून फिरायला जायचे, मुलखाच्या गप्पा मारायचे, पण दुष्काळाचा विषय दोघांपैकी एकानंही कधी काढला नव्हता.

तर औषधांचा शोध. खरी गोष्ट रेणुकेला ठाऊक होती आणि सूर्यभानला नव्हती. पोरगी शोध लावत होती तो कुरडूचा, तरोट्याचा, केन्याचा आणि घोळीचा.

तिच्या मॅडम, डॉ. भाग्यलक्ष्मी, यांनी विषय दिला तेव्हा ती आधी हबकलीच होती. मग तिला त्याचं वेडच लागलं. कुणी न लावता उगवणाऱ्या, कुणी न विचारणाऱ्या या पाल्यात काय काय आहे ते बघायचं. डोळ्यांना लागणारं कॅरोटीन किती, रक्ताला लागणारं लोह किती, आजाराला आतून अडवणारी द्रव्यं कोणती. पहिल्या वर्षी आकडे आले तेव्हा घरच्या पत्ताकोबीची आठवण होऊन तिला हसू आवरेना; कुरडूपुढं ती कुठल्या कुठं राहिली होती. पण तिचा खरा प्रश्न पुढचा होता. लोक कुरडू कोवळा असतानाच खुडतात, फुलावर आला की म्हणतात संपला. तो संपतो का खरंच? फुलल्यावर, बी धरल्यावरही पानात हे सगळं टिकत असेल, तर गरिबाच्या ताटात ही भाजी आणखी दोनेक महिने राहील. एवढं एक सिद्ध करायचं उरलं होतं. बाकी भाज्यांचं काम उरकलं होतं. कुरडू पिकतो दसऱ्याच्या सुमाराला, म्हणून त्याचा शेवटचा नमुना राहिला होता.

बापाला तिनं यातलं काय सांगितलं? ‘प्लांट्समधले घटक’, एवढंच. त्यानं आपल्या मनानं अश्वगंधा, अडुळसा धरून घेतलं, आणि तिनं धरू दिलं. खोटं नाही बोलली, पण खरंही नाही सांगितलं. एक गोष्ट मात्र बापाला पक्की माहीत होती: शिष्यवृत्ती मार्चला संपते, दसऱ्यानंतर शेवटचं काम व्हायला हवं, ते हुकलं तर पुढच्या पावसाळ्याची वाट. तोवर कुठंतरी शाळेत नोकरी धरावी लागणार, आणि एकदा माणूस नोकरीला जुंपला की कुणाची पीएच.डी. पुरी झालीय! म्हणून तो स्वतः तिला सकाळी उठवायचा, डबा भरलाय का बघायचा, आणि टीव्हीचा आवाज बारीक करायचा.

कुरडूची झाडं तिनं निवडली होती ती क्वार्टरांमागच्या मोकळ्या मैदानाच्या नाल्याकडच्या कोपऱ्यात. आपोआप उगवलेली, खत नाही, फवारणी नाही. कोंब फुटल्यापासून ती त्यांच्यावर नजर ठेवून होती. निवडलेल्या प्रत्येक झाडाशेजारी एक काडी रोवलेली, खोडाला लाल दोरा सैलसर बांधलेला, आणि तुरे आले तेव्हा त्यांच्यावर मलमलीच्या पांढऱ्या पिशव्या चढवलेल्या. बी गळून जाऊ नये हे एक कारण. दुसरं कारण बतुकम्मा, नवरात्रात थरावर थर फुलं रचून पूजतात तो तेलुगू सण. आपला कुरडू म्हणजे तेलुगू बायकांचं गुनुगु पुव्वू. त्या नऊ दिवसांत बतुकम्मा रचायला कुठं एक तुरा शिल्लक राहत नाही. बाप लाईनवर गेलेला असला, किंवा रात्रपाळी करून झोपलेला असला, की पोरगी जाऊन आपली झाडं बघून यायची.

आता लाल दोरा आणि पांढरी पिशवी बघितल्यावर आपली माणसं काय करतात? एक दिवस कुणीतरी एका काडीला हळदकुंकू लावून गेलं. दुसऱ्या दिवशी नारळाचं भकल आलं. मग उदबत्ती. प्रियदर्शिनीनं इंग्रजीत एक पाटी लावली, हात लावू नये म्हणून, तर लोकांनी पाटीलाही हळद फासली, इतकी की अक्षरं पार गडप. बघता बघता तिथं देवी बसली. पोरगी रोज पुसून काढायची, लोक रोज वाहून जायचे. तिनं हे मॅडमना सांगितलं तेव्हा त्या खूप हसल्या, म्हणाल्या, बरंय, देवीच्या झाडाला कुणी हात लावत नाही. शिकल्यासवरल्या बायका त्या, पण कॉलनीचा अंदाज दोघींनाही आला नाही.

कारण दसऱ्याला आमच्याकडं धम्मचक्राचा कार्यक्रम असतो. दरवर्षी मांडव पडायचा मैदानाच्या रस्त्याकडच्या टोकाला. त्या वर्षी तिथं बिल्डरनं अपार्टमेंटसाठी हा एवढा खड्डा खणून ठेवला होता. शनिवारी कमिटी बसली, मांडव नाल्याकडच्या कोपऱ्यात घालायचं ठरलं, आणि रविवारी सकाळी श्रमदानाला सगळ्यांनी यायचं. कमिटीचा अध्यक्ष कोण? सूर्यभान नरवाडे. प्रियदर्शिनी रविवारीही लॅबला गेलेली, तिला यातलं काहीच माहीत नाही.

सकाळी खुरपी, फावडी घेऊन सगळे जमले, आणि कोपऱ्याशी येऊन थबकले. काड्या, लाल दोरे, पिशव्या, हळद, कुंकू, अर्धा जळालेला कापूर. तरुण पोरं एकमेकांकडं बघायला लागली. भीती वाटते असं कोण म्हणणार, बौद्धाची पोरं! पण खुरपं काही कुणाचं पुढं होईना. एकजण म्हणाला, काका, इतकं सोडून उरलेलं साफ करूया की. झालं. सूर्यभानच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. त्यानं तिथंच भाषण ठोकलं. बाबासाहेबांनी आपल्याला कशातून बाहेर काढलं, बावीस प्रतिज्ञा काय नुसत्या भिंतीवर लावायला घेतल्या का, आणि आपल्या लेकी आज विज्ञानात डॉक्टर होतायत आणि तुम्ही दोऱ्याला घाबरता! बोलता बोलता तो वाकला, आणि त्याच्या लक्षात आलं की दोरे बांधलेत ते कुरडूला. मग तर विचारूच नका. ज्या पाल्याचं तोंड बघायचं नाही, त्याचीच लोकांनी देवी केलेली. एका दगडात दोन पक्षी. दोन्ही हातांनी, मुळासकट, एकेक झाड त्यानं स्वतः उपटलं. कुणाला हात लावू दिला नाही.

कुंपणाशी तेलुगू बायका उभ्या होत्याच. अण्णा, गुनुगु आम्हाला द्या, म्हणाल्या. अण्णांनी मोठ्या मनानं पिशव्या काढून तुरे देऊन टाकले. उरलेला पाला शेळ्यांनी खाल्ला. मैदान आरशासारखं लख्ख झालं.

दुपारी प्रियदर्शिनी लॅबहून आली तेव्हा बाप जेवायला बसला होता आणि भारी खुशीत होता. रेणुका भाकरी थापत होती. त्यानं सगळं साग्रसंगीत सांगायला घेतलं: पोरं कशी टरकली, आपण कसं भाषण दिलं, लाल दोरे कसे टराटरा तोडले. पहिल्यांदा रेणुकेचा हात थांबला. तव्यावरची भाकरी करपायला लागली तरी ती उलथेना. पोरगी चप्पल पायात तशीच दारात उभी होती, आणि मग ती खाली बसली.

“तो दोरा कुणी बांधला होता, ठाऊक आहे का बाबा?” ती म्हणाली. “मी.”

सूर्यभानला आधी कळेचना. मग तिनं सांगितलं, सगळंच. झाडं, काड्या, पिशव्या, शेवटचा नमुना. झाडं आणखी आठ दिवस राहिली असती तर काम पुरं झालं असतं. आणि ज्या नावांना त्या घरात बंदी होती ती एकामागून एक तिनं घेतली. सूर्यभानचा घास हातातच राहिला. आपल्याच हातानं आपण काय उपटलं हे त्याला कळलं होतं, पण माणूस असा की चूक कळली की आधी राग येतो. तो ओरडला. यासाठी शिकवलं का तुला? लोक अणुबॉम्बावर शिकतात आणि तू पाला मोजतेस? ज्यातून बाहेर पडायला मी हाडं झिजवली, तेच तू परत घरात आणतेस? उद्या लोक विचारतील, नरवाड्याची पोर कशात डॉक्टर झाली, तर मी काय सांगू, दुष्काळात?

प्रियदर्शिनी रडली नाही. ती उठून बापाच्या समोर येऊन बसली.

“गावाकडच्या आपल्या गल्लीतला सुरेश आठवतो तुम्हाला? माझ्याच वयाचा?”

सूर्यभाननं हातातला घास ताटात ठेवला. त्याला आठवत होता. त्या दुष्काळात आधी त्या पोराला दिवे लागल्यावर दिसेनासं झालं, आणि मग दिसायचंच बंद झालं. त्याची आई बाळंतपणात गेलेली, बाप कामावर. पोराला भाकरीचा तुकडा देऊन सगळे निघून जायचे.

“मिलो त्याच्याही घरी होता, आपल्याही घरी होता,” प्रियदर्शिनी म्हणाली. “त्याच्यासाठी भाजी खुडून आणायला कुणी नव्हतं. आता एका गल्लीवरून मी थीसिसमध्ये काही लिहू शकत नाही. पण त्या पानात काय आहे ते मी मोजलंय, बाबा. तुम्ही बावीस वर्षं मनात धरून बसलात की माझ्या पोरीला पाला खावा लागला. आजीनं मला पाला नाही घातला. तिनं माझे डोळे वाचवले.”

रेणुका ओट्यापाशी तोंडाला पदर लावून उभी होती. तिनंच पोरीला ही हकिगत सांगितली होती, नवऱ्याला सांगायची मात्र हिंमत झाली नव्हती. सूर्यभान ताटावरून उठला, हात धुतला, आणि बाहेर निघून गेला.

तो मैदानाच्या त्या लख्ख कोपऱ्यात जाऊन उभा राहिला. एक काडीसुद्धा शिल्लक नव्हती. श्रमदान कसं करावं तर सूर्यभाननं! आपलेच दात आणि आपलेच ओठ, दोष द्यायचा तर कुणाला? त्याला आई आठवली. ओटी भरून यायची, पायाला काटे, तोंडावर कुणाकुणाच्या शिव्यांचा राग, आणि नातीला मांडीवर घेऊन म्हणायची, खा गं बाई, हिरवं हिरवं खा. तो तेव्हा तोंड फिरवून बसायचा. आईला एकदासुद्धा म्हणाला नाही की तू होतीस म्हणून पोर जगली. ती गेली तेव्हाही नाही. हे आठवून तो एवढा मोठा माणूस भर उन्हात उभा राहून रडला, आणि शेळ्या हाकणारी बाई त्याच्याकडं बघत राहिली.

दुसऱ्या दिवशी तो लेकीबरोबर मॅडमपुढं जाऊन उभा राहिला. तेलुगूत म्हणाला, तप्पु नादी, चूक माझी. मॅडमनी त्याला खुर्ची दिली. त्यांनी सांगितलं की कोवळ्या पानांचे, कळीच्या वेळचे नमुने हातात आहेत, ते वाया जात नाहीत. शेवटचा नमुना दुसऱ्या जागेचा चालेल, जागा बदलली तशी थीसिसमध्ये नोंद करायची. पण माती तसलीच हवी, फवारणी नको, बी अजून तुऱ्यात हवं आणि पानं झाडावर हवीत. आणि हे सगळं बी गळायच्या आत.

बोलायला सोपं. बतुकम्माचे दिवस, आख्ख्या शहराभोवतीचा कुरडू बायकांनी ओरबाडून नेलेला. बापलेक तारनाक्याच्या मागं फिरले, नाल्याच्या कडेनं फिरले, नुसते बोडके दांडे. प्रियदर्शिनी जामबागच्या फूलबाजारात जाऊन आली. तिथं गुनुगुचे ढीगच्या ढीग होते, पण पान एक नाही, आणि कुठून आणलं विचारलं तर फूलवाला म्हणाला, गाव से आता, क्या मालूम. ती परत आली तेव्हा तिचा चेहरा बघवत नव्हता. म्हणाली, राहू द्या बाबा, जामबागजवळच्या एका शाळेत जागा निघालीय, अर्ज टाकते. एवढ्या साध्या आवाजात म्हणाली की सूर्यभानच्या पायाखालची वाळू सरकली.

आणि त्याला ती जागा आठवली. आठवली म्हणजे काय, तो ती विसरलाच कधी होता! बीबीनगरच्या अलीकडं, दोन लाईनींच्या मधे, रेल्वेच्या कुंपणाआत एक लांब पट्टा आहे. दरवर्षी दसऱ्याच्या सुमाराला तिथं कुरडू गुलाबी-पांढरा फुलतो. आत यायला मनाई, म्हणून बतुकम्माच्या बायकाही येत नाहीत. किती वर्षं तो त्या पट्ट्याशेजारून गाडी काढत होता. आणि दर वेळी, समोर सिग्नल नसला तरी सिग्नल बघितल्यासारखं करून, तोंड दुसरीकडं फिरवत होता. काखेत कळसा म्हणतात तो हाच.

त्यानं सुट्टी टाकली. स्टेशनमास्तर ओळखीचा होता, त्याची परवानगी काढली, आणि बापलेक सकाळच्या पॅसेंजरनं निघाले. गाडीतून उतरून चालत पट्ट्यापाशी आले तेव्हा वारा सुटला होता आणि सगळे तुरे एका अंगाला झुकत होते. प्रियदर्शिनीनं एक तुरा तळहातावर झटकला. काळं, चकचकीत बी पडलं. पानं खालपर्यंत शाबूत होती. ती बापाकडं बघून हसली, बऱ्याच दिवसांनी.

मग ती सांगत गेली आणि तो करत गेला. किडलेलं पान घ्यायचं नाही, एकाच झाडाची सगळी घ्यायची नाहीत, लाईनीच्या अगदी कडेची नकोत, डिझेलचा धूर बसलेला असतो. पहिल्यांदा वाकताना त्याला जड गेलं. दोन मालगाड्या शेजारून गेल्या. एकीच्या ड्रायव्हरनं ओळखलं आणि हॉर्न दिला. नरवाडे, खाली बसून पाला खुडतोय! सूर्यभाननं मान वर केली, हात हलवला, आणि पुन्हा खाली बसला. त्याची बोटं हळूहळू सैल झाली. आई कशी खुडायची, अंगठ्याच्या नखानं देठ मोडून, ते बोटांनाच आठवत होतं. काही वेळानं त्यानं आपण होऊन आईच्या गोष्टी सांगायला सुरुवात केली. पोरीनं मधे एकदाही त्याला अडवलं नाही.

संध्याकाळी दोघं कॉलनीच्या फाटकाशी आली तेव्हा सूर्यभानच्या खांद्यावर ओल्या फडक्यात गुंडाळलेलं पोतं होतं आणि बाहेर पानं डोकावत होती. एकनाथराव फिरायला निघाले होते. ते थांबले, पोत्याकडं बघितलं, आणि भल्या माणसासारखं स्वतःच उत्तरही पुरवलं.

“काय नरवाडे, औषधी वनस्पती वाटतं?”

प्रियदर्शिनीला सवयच होती. हो काका, असं म्हणायला तिनं तोंड उघडलंसुद्धा. पण बापानं पोतं खाली ठेवलं.

“औषध नाही, एकनाथराव. कुरडू आहे,” सूर्यभान म्हणाला. “बहात्तरला माझ्या आईनं हिला हाच खाऊ घातला. माझ्याजवळ तेव्हा हिला द्यायला दुसरं काही नव्हतं. आता ही त्याच्यावरच डॉक्टर होणार आहे.”

एकनाथरावांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

“आमच्याकडंही शिजायचा त्या वर्षी,” ते शेवटी म्हणाले. “माय दार लावून जेवायला वाढायची. शेजारच्यांना कळू नये म्हणून. नंतर आम्ही कुणीच कधी बोललो नाही.” मग खाली वाकून त्यांनी पोत्यातलं एक पान चुरगळून त्याचा वास घेतला. म्हणाले, चव मात्र चांगली असायची हो.

घरात आल्यावर पोतं ओट्याजवळ ठेवलं. रेणुकेनं तवा उतरवून कढई चढवली आणि लसूण सोलायला घेतला, कुणी न सांगता. पण प्रियदर्शिनी पोत्याला हात लावू देईना. आधी लॅब, म्हणाली. वजन करायचंय, वाळवायचंय, मोजायचंय, यातलं एक पान इकडचं तिकडं झालेलं चालणार नाही. सूर्यभान बिचारा पोत्याभोवती घुटमळत राहिला. ज्यानं बावीस वर्षं या भाजीला उंबरठा ओलांडू दिला नाही तोच आता लेकीपुढं हात पसरून उभा होता.

“मूठभर तरी दे गं,” तो म्हणाला. “आईच्या नावानं.”

प्रियदर्शिनीनं पोत्यात बघितलं, मनातल्या मनात हिशेब केला, आणि त्याच्या दोन्ही हातांत मावतील एवढी पानं काढून दिली.